मुखत्यारपत्र आणि आकडे : पुणे सार्वजनिक सभा सरकारशी कशी बोलली

आज आपण ज्या संस्थेबद्दल बोलणार आहोत तिच्याकडे सत्ता नव्हती, अधिकार नव्हता, फार मोठी गंगाजळीही नव्हती. तरीही मुंबई सरकारला तिची पत्रं वाचावी लागत होती. ही संस्था म्हणजे पुणे सार्वजनिक सभा. नाव आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. स्थापना १८७०, सार्वजनिक काका, न्यायमूर्ती रानडे, काँग्रेसची पूर्वपीठिका. परीक्षेतला दोन मार्कांचा प्रश्न, आणि विषय संपला.

आम्हाला आज सभेकडे जरा वेगळ्या बाजूने बघायचं आहे. हल्ली आपण ‘थिंक टँक’ हा शब्द फार ऐकतो. म्हणजे काय, तर सरकारच्या बाहेर राहून एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करायचा, त्यातून काही सूचना काढायच्या आणि धोरण बदलावं म्हणून सरकारच्या मागे लागायचं. हे काम सार्वजनिक सभेने दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं. ते कसं केलं, कुठे जमलं आणि कुठे मोडलं, एवढंच आज पाहू.

अशा कुठल्याही संस्थेपुढे एक प्रश्न कायम असतो. ती सरकारला सांगते, ‘हे चुकतंय, असं करा.’ आणि सरकार विचारतं, ‘तुम्ही कोण सांगणार?’ याची दोन उत्तरं देता येतात. एक, ‘आमच्यामागे माणसं आहेत.’ दुसरं, ‘आमच्याकडे हिशेब आहे.’ सभेची सगळी गोष्ट या दोन उत्तरांची गोष्ट आहे, असं आम्हाला वाटतं.

आता सुरुवात बघा. पुण्यात पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. व्यवस्था पंचांकडे होती आणि तिच्यावर लोक नाराज होते. त्या तक्रारी मांडायच्या तर कुणाच्या नावाने मांडायच्या? एकट्यादुकट्याचं कोण ऐकतं? यातून लोकांच्या वतीने बोलणारी एक कायमची संस्था असावी ही कल्पना पुढे आली आणि २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले. खरा व्याप सांभाळला तो गणेश वासुदेव जोशी या वकिलांनी. लोक त्यांना पुढे ‘सार्वजनिक काका’च म्हणू लागले.

वकिलाने काढलेली संस्था असल्यामुळे असेल, पण सभेचा एक नियम फार मोलाचा होता. सभासद व्हायचं तर नुसती वर्गणी भरून चालणार नाही. निदान ५० सज्ञान माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. कोर्टात वकील पक्षकाराच्या वतीने उभा राहतो, तसा हा सभासद त्या ५० माणसांच्या वतीने बोलणार. सुरुवातीला असे ९५ सभासद होते आणि त्यांच्यामागे सुमारे ६,००० माणसांच्या सह्या होत्या. कायदेमंडळात लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर सभेने जन्मतःच तयार ठेवलं होतं.

पण सह्या असल्या म्हणजे म्हणणं खरं ठरतं असं नाही. पाचशे माणसं चुकीच्या अर्जावरही सही करतात. म्हणून दुसऱ्या उत्तराची गरज होती आणि ते आलं १८७१ साली, महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात बदलून आले तेव्हा. रानडे सरकारी नोकर. उघडपणे पुढारीपण करणं त्यांना शक्य नव्हतं, पण सभेच्या अभ्यासाची घडी त्यांनी बसवली. शेतकऱ्याची स्थिती काय आहे, साऱ्याच्या फेरआकारणीने गावावर काय परिणाम झाला, याची चौकशी सभेने हाती घेतली. मतं नंतर, आधी माहिती, असा क्रम ठरला.

१८७५ साली सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला की हिंदुस्थानचे प्रतिनिधी तिथे असावेत. त्याचं काही झालं नाही. अर्ज करून अशा गोष्टी मिळत नसतात, हे सभेलाही कळत असणार. पण त्याच वर्षी घराजवळ जे घडलं त्याने सभेच्या अभ्यासाची कसोटी लागली. मे महिन्यात भीमथडी तालुक्यात सुपे इथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर हल्ले केले, कर्जरोखे जाळले, आणि हा वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. यालाच आपण ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. सरकारचा रोख मुख्यतः सावकारावर होता. सभेचं म्हणणं असं की मूळ दुखणं सरकारी साऱ्यात आहे. सारा जबर आहे, तो ठराविक वेळी रोखीत भरावा लागतो, म्हणून शेतकरी सावकाराच्या दारात जातो.

सभेचा मुद्दा खोटा नव्हता. पण इथे एक गोष्ट आपण नजरेआड करून चालणार नाही. सभेच्या सभासदांत सरदार, इनामदार, वकील, सावकार अशी मंडळी बरीच होती. सरकारच्या साऱ्यावर बोट ठेवणं या मंडळींना सोपं होतं, सावकाराच्या व्याजावर बोट ठेवणं अवघड. आजही एखाद्या अभ्याससंस्थेचा अहवाल हातात आला की जाणता वाचक आधी विचारतो, यांना पैसे कोण देतं? सभेलाही हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि तो तेव्हाही विचारला गेला. जोतीराव फुल्यांनी विचारला. ही सभा स्वतःला सार्वजनिक म्हणवते, पण तिच्यात शूद्रातिशूद्र कुठे आहेत, हा त्यांचा आक्षेप होता. १८८५ साली रानड्यांनी शेतकऱ्यांची स्थिती पूर्वीपेक्षा सुधारल्याचं भाषणात सांगितलं, तेव्हा फुल्यांनी ‘इशारा’ नावाची पुस्तिका लिहून त्याला उत्तर दिलं. ५० सह्यांचं मुखत्यारपत्र ही मोठी गोष्ट खरी, पण सही करणारे कोण आणि मुखत्यार म्हणून पुढे येणारे कोण, हा प्रश्न त्या नियमाने सुटत नव्हता. आमच्या मते सभेच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी उणीव. ती फुल्यांनी बाहेरून दाखवली, आतून कुणी दाखवली नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता १८७६-७८ च्या दुष्काळाकडे येऊ. कारण सभेचं खरं बळ दिसलं ते या दोन वर्षांत. दख्खनमध्ये पाऊस गेला, पिकं गेली. सरकारने दुष्काळी कामं काढली, खडी फोडायची, रस्ते-तलाव खणायचे. पण खर्च फार होतोय म्हणून मजुरी खाली आणली. सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेल्या त्या दरात पुरुषाला दिवसाला १ पौंड धान्याची किंमत आणि वर १ आणा, एवढंच मिळायचं. १ पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने त्यात जगायचं. १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजूर ही कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला तो संप होता.

सभेने या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत आपले प्रतिनिधी पाठवले. गावात धान्याचा भाव काय, गुरं किती मेली, किती माणसं गाव सोडून गेली, कामावर किती येतात, मजुरी किती मिळते, ही सगळी माहिती गोळा करून सभेने सरकारला एकामागून एक निवेदनं पाठवली. भाषा बघितली तर कुठे आदळआपट नाही. या तालुक्यात असं आहे, त्या तालुक्यात तसं आहे, एवढंच. पण सरकारच्या स्वतःच्या अहवालांशेजारी ही माहिती ठेवली की फरक दिसायचा. सरकारची अडचण अशी की याला राजद्रोह म्हणता येईना आणि खोटंही म्हणता येईना.

दुष्काळानंतर सरकारने आयोग नेमला, १८८० साली त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळ केव्हा जाहीर करायचा, कामं केव्हा काढायची, मजुरी कशी ठरवायची, सारा केव्हा तहकूब करायचा, याचे लेखी नियम झाले. हे एकट्या सभेमुळे झालं असं आम्ही म्हणणार नाही. मद्रास इलाख्यात आणि विलायतेतही यावर रान उठलं होतं. पण अधिकाऱ्याच्या मर्जीवरची गोष्ट नियमाच्या कागदावर आली, ही राज्यकारभारातली खरी सुधारणा होती. पुढे याच कागदामुळे सभा अडचणीत आली. ते आपण पाहूच.

१८७८ च्या जुलैपासून सभेने इंग्रजीत एक त्रैमासिक सुरू केलं. सीताराम हरी चिपळूणकर हे तेव्हा सभेचे चिटणीस. त्रैमासिकातले कितीतरी लेख रानड्यांचे होते, पण त्यांवर नाव नसायचं. सरकारी नोकराने सरकारच्या साऱ्यावर, जंगल कायद्यावर, मिठावर लिहायचं तर दुसरा मार्ग नव्हता. सरकारला वास येत होताच. त्यांची बदली आधी नाशिकला झाली, मग १८७९ साली, वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला. याच वासुदेव बळवंतांचं वकीलपत्र सार्वजनिक काकांनी घेतलं. संस्थेचा एक माणूस पडद्यामागून आकडे जुळवतोय आणि दुसरा उघडपणे कोर्टात उभा राहतोय, असं ते दृश्य होतं.

त्रैमासिकात आणखी एक नाव नसलेला लेखक होता, गणेश व्यंकटेश जोशी. सार्वजनिक काकांचं नावही गणेश जोशीच, पण हे वेगळे. हे सरकारी शाळेतले शिक्षक. सरकारी अंदाजपत्रकं, आयात-निर्यातीचे तक्ते, लष्करी खर्चाचे अहवाल हे सगळं वाचून त्याची चिरफाड करायची, हा त्यांचा नाद. सरकारनेच छापलेला आकडा सरकारसमोर ठेवायचा, ही त्यांची रीत. गोपाळ कृष्ण गोखले सभेच्या कामात आले ते याच तालमीत. रानडे त्यांना एकेक विषय देत, लिहून आणायला सांगत आणि मग तपासत. नाव आणि टाळ्या मिळण्याच्या आधी अशी काही वर्षं जावी लागतात.

मग १८९५ आलं. सभेच्या निवडणुकीत टिळकांच्या बाजूचं बहुमत झालं आणि सभा रानडे-गोखले यांच्या हातून गेली. १८९६ साली त्यांनी डेक्कन सभा नावाची नवी संस्था काढली. टिळक आणि गोखले यांच्या भांडणाचा हा इतिहास आपल्याला माहीत असतो. आम्हाला इथे कुणाची बाजू घ्यायची नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने काय झालं तर सुरुवातीला सांगितलेली ती दोन उत्तरं दोन घरांत वाटली गेली. माणसं एका घरात, हिशेब दुसऱ्या घरात. अगदी काटेकोर वाटणी नव्हे, पण साधारण असंच.

या दोन घरांचं काय झालं ते एकाच वर्षात बघायला मिळतं, १८९७ साली.

आधी टिळकांची सभा. १८९६-९७ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. आता दुष्काळ संहिता अस्तित्वात होती, पण ती होती इंग्रजीत, कचेरीच्या कपाटात. शेतकऱ्याला तिचा पत्ताच नव्हता. टिळकांच्या कार्यकर्त्यांनी संहितेतली माहिती मराठीत छापली आणि गावोगाव सांगितली. पीक बुडालं असेल तर साऱ्याची तहकुबी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, घरदार विकून सारा भरू नका, असा त्याचा मथितार्थ. यात बेकायदा काय होतं? सरकारचाच नियम सरकारच्याच रयतेला वाचून दाखवला. पण प्रतिनिधींवर खटले भरले गेले, आणि १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सार्वजनिक धोरणाविषयी सरकारला लिहिण्याचा या सभेला यापुढे हक्क राहिला नाही, असं जाहीर केलं.

जरा थांबून विचार करा. वीस वर्षं सभा सरकारवर टीका करत होती. सारा जबर आहे म्हणाली, मजुरी अपुरी आहे म्हणाली. तेव्हा मान्यता गेली नाही. सभेने सरकारकडून तोंड वळवून शेतकऱ्याला त्याचा हक्क सांगितला, तेव्हा गेली. अहवाल कितीही कडक असो, तो वरिष्ठांच्या टेबलावर जात असेल तोवर सरकारला चालतो. तोच मजकूर गावच्या चावडीत वाचला गेला की तो धोकादायक ठरतो. धोरणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

आता दुसरं घर. त्याच वर्षी गोखले डेक्कन सभेतर्फे विलायतेत वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा हा आयोग. तिशीतला हा प्राध्यापक, समोर कसलेले इंग्रज अधिकारी आणि अर्थतज्ज्ञ. रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांनी तयारी करून घेतली होती, आणि उलटतपासणीत गोखले डगमगले नाहीत. हिशेबाचा हा विजय.

पण त्याच मुक्कामात दुसरी घटना घडली. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोल्जरांनी घरांत घुसून केलेल्या अत्याचारांची पत्रं गोखल्यांना पुण्याहून आली. त्यांनी ते आरोप विलायतेत जाहीर केले. रँडच्या खुनामुळे वातावरण तापलं होतं, सरकारने पुरावा मागितला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं गोखले देईनात आणि पुढे येऊन साक्ष द्यायला कुणी तयार होईना. गोखल्यांना परत आल्यावर जाहीर माफी मागावी लागली. ती माफी त्यांना अनेक वर्षं टोचत राहिली, विरोधकांनी तिचा उच्चार सोडला नाही. लोक प्लेगच्या बंदोबस्ताने गांजले होते, हे तर उघड होतं. पण ज्यांच्यावर गुदरलं त्यांना उभं राहायचं बळ देणारी माणसांची फळी गोखल्यांच्या मागे नव्हती. म्हणजे बघा, एका घराकडे लोक होते आणि सरकारचा दरवाजा बंद झाला. दुसऱ्याला सरकारचा दरवाजा उघडा होता, पण साक्षीला माणूस मिळाला नाही.

या मार्गाने काहीच मिळालं नाही असं मात्र नाही. १९०२ साली गोखले व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. सरकार शिलकी अंदाजपत्रक मांडून पाठ थोपटून घेत होतं. गोखल्यांनी त्याच आकड्यांवरून दाखवलं की ही शिलक भरभराटीची नाही, रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातोय म्हणून ती उरते. मिठावरचा कर त्यांनी लावून धरला, कारण तो गरिबातल्या गरिबाला पडतो. तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. याचं श्रेय एकट्या भाषणांना देता येणार नाही, तिजोरीत शिल्लक होती म्हणूनही ते शक्य झालं. पण ती शिल्लक कुणाच्या ताटातून आली हे दरवर्षी उभं राहून सांगणारा माणूस तिथे होता, आणि त्याच्यामागे त्रैमासिकातली वीस वर्षांची मेहनत होती.

याच माणसाने १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं आणि १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. आकडे बिनचूक होते, युक्तिवाद चोख होता. सरकारी सभासदांनी विरोधात मत दिलं, आणि बऱ्याच जमीनदारांनीही. अभ्यास कितीही पक्का असला तरी ज्याचं नुकसान होणार तो मतदानाला हजर असतो, आणि ज्याचा फायदा होणार ती मुलं सभागृहाच्या बाहेर असतात.

गोखल्यांनी १९०५ साली भारत सेवक समाज काढला. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून त्यांच्या नावाने गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गाडगिळांनी पुणे शहराची, खेड्यांची घरोघर पाहणी केली, आणि तेवढ्यावर न थांबता प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबर शेतकऱ्यांमध्ये जाऊन बसले. दुरावलेली ती दोन उत्तरं एकत्र आणण्याचा तो एक प्रयत्न होता.

अगदी आपल्या काळातलं उदाहरण पुण्याचंच आहे. १९९४ साली सुरू झालेल्या ‘प्रयास’ या संस्थेने एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार उलगडून महाराष्ट्रापुढे ठेवला. ही वीज आपल्याला किती महाग पडणार, याचा तो हिशेब होता. २००१ साली वीज मंडळाला ती वीज घेणं थांबवावंच लागलं. त्याआधी, १९९९ साली, राज्यात वीज नियामक आयोग आला आणि दरवाढीवर जाहीर सुनावणी होऊ लागली. आज कुणीही वीजग्राहक तिथे हरकत नोंदवू शकतो, आणि ‘प्रयास’सारख्या संस्था तिथे ग्राहकांच्या बाजूने आकडे मांडतात. मुखत्यारपत्र आणि आकडे यांना एकाच खोलीत बसवणारी ही जागा आहे. त्या खुर्च्यांवर जाऊन बसायचं की नाही, हे मात्र आपल्या हातात.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या संस्थेचा अहवाल वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. हे आकडे कुठून आले? पैसे कुणी दिले? आणि ज्यांच्याविषयी हा अहवाल आहे, त्यांना तो कळेल अशा भाषेत कुणी वाचून दाखवला का? पहिले दोन प्रश्न आपण बहुतेक वेळा विचारतो. तिसऱ्या प्रश्नासाठी सार्वजनिक सभेने आपली मान्यता गमावली, म्हणून तो आपण विसरू नये.